दाबल्याने कॅन्सर पसरत नाही

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, स्तन दाबतात, त्याने गाठ फुटून कॅन्सर अंगभर पसरतो, असं बायका वर्षानुवर्षं एकमेकींना सांगत आल्या आहेत. हे खरं नाही. दाब काही सेकंदांचाच असतो. त्याने स्तन सपाट झाला की चित्र स्पष्ट येतं आणि क्ष-किरणही कमी लागतात: साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), म्हणजे निसर्गातून काही आठवड्यांत आपल्याला मिळणाऱ्या किरणोत्साराएवढे.

दुखतं मात्र, ते नाकारू नये. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर कमी दुखेल. त्या दिवशी काखेत पावडर, डिओडरंट नको; त्यातले कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात, असे ठिपके कधीकधी कॅन्सरची खूण असतात, आणि उगाच घोर लागतो. जुने रिपोर्ट सोबत न्या. आणि हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राम चांगला आला तरी डॉक्टरांना दाखवाच.