पाट

पाट (पु.) : बसण्याची लाकडी फळी, शेताला पाणी नेणारा चर, विधवेचा किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह. तिन्ही अर्थ मराठीत रुळलेले आहेत. त्यांचे मूळ एकच की वेगवेगळे, हा प्रश्न मात्र सोपा नाही.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘पट्ट’ (फळी, पत्रा, वस्त्राची पट्टी, आसन) यापासून ‘पाट’ येणे ध्वनिनियमाला धरून आहे. जोडव्यंजनातले एक गळते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो : सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, तसेच पट्ट–पाट. चराच्या अर्थासाठी ‘पाटन’ (चिरणे, फाडणे) हे मूळ सुचवता येते, कारण पाट जमीन चिरूनच काढतात. अर्थ जुळतो, पण ध्वनी अडतो. दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो : वट–वड, कीट–कीड, घोटक–घोडा. त्या न्यायाने येथे ‘पाड’ असे रूप मिळायला हवे होते. म्हणून चरालाही ‘पट्ट’ म्हणजे लांब पट्टी हेच मूळ मानणे अधिक सयुक्तिक. पाटा, पाटी, पट्टी ही याच कुळातली. ‘अंतरपाट’ या शब्दात वस्त्राचा अर्थ टिकून आहे.

पुनर्विवाह : यालाच मोहतूर असेही म्हणत. वधूवरांना पाटावर बसवून वस्त्रांना गाठ मारत, वधूची ओटी भरून कुंकू लावत. विधी बहुधा रात्री उरकत. ब्राह्मणादी जातींत तो निषिद्ध होता, इतर अनेक जातींत रूढ. मराठेशाहीत त्यावर ‘पाटदाम’ हा कर होता. नाव बसण्याच्या पाटावरून पडले असावे. यावर आक्षेप असा, की पहिल्या लग्नातही पाट असतोच. परंतु तेथे अंतरपाट, मंगलाष्टके, सप्तपदी यांना महत्त्व. येथे ते सारे वगळून पाटावर बसणे एवढेच उरते. उरलेल्या कृतीचे नाव विधीला मिळाले, असे मानणे पटते. स्त्रीच्या वाट्याला मात्र या शब्दाबरोबर कमीपणाही आला : ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ बायको हा भेद बोलीत दीर्घकाळ राहिला.

पाण्याचा पाट : नदीवर बंधारा घालून पाणी अडवतात आणि काठाने, केवळ उताराच्या बळावर पुढे नेतात. उतार जास्त झाला तर पाट तळाशी खरवडतो, कमी झाला तर गाळ बसून तोंड बुजते; म्हणून दरवर्षी गाळ काढणे टळत नाही. धुळे–नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धतीत (फड म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट) पाटातून चाऱ्या व चाऱ्यांतून सारंग, म्हणजे शेतापर्यंत जाणारे लहान चर, निघतात. जादा पाणी सांडमांतून नदीत परत सोडतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, त्यामुळे पाण्याची पाळी सर्वांना सारखी लागू पडते. पाणी पाटकरी सोडतो. शेतकऱ्याने स्वतः बारे (शेतात पाणी घेण्याचे तोंड) फोडले, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. सरकारी भाषेत पाटाचा ‘कालवा’ झाला, तरी ‘पाटबंधारे’ आणि ‘पाटपाणी’ हे शब्द चालू आहेत.

बसण्याचा पाट : साधारण दीड फूट लांब, फूट–सव्वा फूट रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. पट्ट्या लाकडाच्या रेषांना आडव्याच लागतात. उभ्या मारल्या तर पाणी लागून फळी खोलगट होते आणि पाट डुगडुगतो. चांगला पाट सागाचा, कोपऱ्यांना पितळी फुले. चार पायांचा उंच तो चौरंग.

इतर : हिंदीत पाट म्हणजे नदीची वा कापडाची रुंदी, तसेच जात्याचा दगड; बंगालीत ताग. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यात पाट नावाचे गाव आहे.