हॉटेलात संसार: ही गोष्ट वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे

मुंबईचा जुना भाडे कायदा सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पागडी, चाळ, मालक-भाडेकरूंची भांडणं, नातवापर्यंत चालणाऱ्या केसेस. पण त्याचं पूर्ण नाव फार कमी जणांनी वाचलेलं असतं. बॉम्बे रेंट्स, हॉटेल अँड लॉजिंग हाउस रेट्स, कंट्रोल ॲक्ट, १९४७. म्हणजे घरभाड्यासारखेच हॉटेल आणि लॉजचे रेटसुद्धा सरकारने बांधून द्यायचे. आणि हे काही १९४७ साली अचानक सुचलं नव्हतं, युद्ध चालू असताना १९४४ मध्येच मुंबई सरकारने तसा कायदा केला होता. शहरात माणसं वाढत होती, नवीन बांधकाम जवळजवळ बंद, खोली मिळायची मारामार, मग लॉज आणि गेस्टहाउस हेच कित्येकांचं घर झालं, आणि मालक मनाला येईल तो रेट लावायला लागले. लोक तिथे राहत होते म्हणूनच रेट बांधायची वेळ आली ना.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आजकाल दोघं नवरा-बायको घर सोडून, सामान भावाकडे ठेवून, दोन बॅगा आणि लॅपटॉप घेऊन महिना या हॉटेलात, महिना त्या हॉटेलात राहायला लागले की नातेवाईक म्हणतात हे काय नवीन फॅड. फॅड अजिबात नाही. उलट मधली पन्नास-साठ वर्षंच वेगळी होती, ज्यात स्वतःचा फ्लॅट नसेल तर संसारच सुरू झाला नाही असं सगळ्यांना वाटायला लागलं. आणि हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत राहते ती म्हणजे चूल. जोडप्याने हॉटेलात राहायचं की नाही हे प्रत्येक काळात शेवटी स्वयंपाक कोण करणार आणि कुठे करणार यावरच येऊन थांबलंय.

आपल्याकडची जुनी सोय प्रवाशाला फार दिवस राहू द्यायची नाही. बहुतेक धर्मशाळांत तीन दिवसांची मर्यादा, त्यातही शिधा आपला, चूल आपण मांडायची. जास्त राहायचं असेल तर गावात बिऱ्हाड करायचं. नाटक कंपन्या तेच करायच्या, गावोगाव वाडा भाड्याने घ्यायचा आणि कंपनीचा आचारी बरोबर. पैसे देऊन खोली, जेवण, धुणं, झाडलोट सगळं एकाच छपराखाली मिळणार आणि तुम्ही हवे तितके महिने राहा, ही पद्धत जोरात वाढली ती अमेरिकेत.

बॉस्टनचं ट्रेमाँट हाउस १८२९ साली उघडलं, १७० खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप, इमारतीच्या आतच शौचालयं, पाहुण्याला साबण. आज यात काय विशेष असं वाटेल, पण तोपर्यंत वाटेवरच्या सराईमध्ये अनोळखी माणसांबरोबर एका पलंगावर झोपावं लागणं ही सर्रास गोष्ट होती, त्यामुळे बायकोला घेऊन तिथे राहण्याचा विचारही कोणी करत नसे. कुलूप आलं आणि जोडपी आली. पुढे मोठ्या हॉटेलांनी बायकांसाठी वेगळं दार, वेगळा दिवाणखाना ठेवला. नवीन लग्न झालेल्यांना तर हे फारच सोयीचं, कारण तेव्हा घर थाटायचं म्हणजे फर्निचर, कोळशाच्या शेगड्या, आणि नोकरचाकर, जे मिळायचे नाहीत आणि मिळाले तर टिकायचे नाहीत. त्यापेक्षा ठरलेले पैसे देऊन हॉटेलात राहणं पुष्कळांना परवडायचं. राहणं आणि दिवसाची सगळी जेवणं एका रेटमध्ये, याला अमेरिकन प्लॅन म्हणायचे, नुसती खोली म्हणजे युरोपियन प्लॅन. आपण टूरचं कोटेशन मागवतो तेव्हा त्यात एपी, एमएपी (म्हणजे नाश्ता आणि एकच जेवण), ईपी लिहिलेलं असतं ना, ते सगळं तिथूनच आलंय, सकाळच्या नाश्त्यावरून आपण एजंटशी हुज्जत घालतो त्याची मुळं ही अशी लांबवर आहेत.

टीकाही तेव्हाच सुरू झाली. बायको स्वयंपाक करत नाही, दिवसभर दिवाणखान्यात बसून असते, अशाने कुटुंब कसं टिकणार, मुलांवर काय संस्कार होणार, असं पाद्री आणि वर्तमानपत्रवाले लिहायचे. वाचताना आपल्याच एखाद्या मावशी-आत्याचं बोलणं ऐकतोय असं वाटतं. त्या बायकांच्या हातचं काम कमी झालं हे माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वात चांगलं होतं, आणि नेमकं तेच लोकांना सलत होतं.

मग न्यूयॉर्कमध्ये कायद्याने एक गंमतशीर वळण दिलं. १९०१ च्या टेनेमेंट कायद्याने भाड्याच्या इमारतींवर उजेड, हवा, उंची यांची कडक बंधनं आली, पण ज्या बिऱ्हाडात स्वयंपाकघर नाही ते टेनेमेंट धरलं जायचं नाही, ती इमारत हॉटेल. बिल्डरांना एवढं पुरलं. स्वयंपाकघर काढून टाका आणि इमारत उंच बांधा. अशी अपार्टमेंट हॉटेलं भराभर उभी राहिली, खाली मोठी डायनिंग रूम, वर बिनचुलीची बिऱ्हाडं. १९०७ मध्ये उघडलेल्या प्लाझा हॉटेलातसुद्धा सुरुवातीला कायम राहणाऱ्यांचाच भरणा होता. १९२० च्या दशकात लोक खोलीत चोरून स्वयंपाक करायला लागले, मालकही पँट्रीच्या नावाखाली शेगडी बसवून द्यायचे, आणि १९२९ मध्ये नवीन कायदा आल्यावर ही पळवाट गेली. त्याच सुमाराला मंदी, पुढे युद्ध, आणि युद्धानंतर स्वस्त गृहकर्ज आणि उपनगरातली घरं. सरकारने कर्ज दिलं ते घराला, हॉटेलात राहणाऱ्याला कोण देणार. उरली ती स्वस्त हॉटेलं, म्हाताऱ्या एकट्या माणसांची, आणि शहरं सुधारायच्या नावाखाली तीही पाडली गेली. सॅन फ्रान्सिस्कोचं इंटरनॅशनल हॉटेल ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलीस लावून रिकामं केलं, तिथले वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू वर्षानुवर्षं राहत होते आणि त्यांना वाचवायला हजारो लोक रस्त्यावर उभे होते. हे वाचून आजही वाईट वाटतं.

श्रीमंत जोडप्यांची गोष्ट वेगळी, त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह आणि त्याची बायको व्हेरा यांचं. क्रांतीने रशिया सुटला, मग बर्लिन, पॅरिस, अमेरिका. तिथे कॉर्नेल विद्यापीठात शिकवत असताना सुट्टीवर गेलेल्या प्रोफेसरांची घरं भाड्याने घेत राहिले, स्वतःचं घर म्हणून कधी घेतलंच नाही. 'लोलिता' या कादंबरीचे पैसे आले तेव्हा १९६१ मध्ये स्वित्झर्लंडला माँत्रो पॅलेस हॉटेलात आले ते तिथेच राहिले, १९७७ मध्ये तो गेला त्याच्यानंतरही ती बरीच वर्षं तिथेच. सहावा मजला, समोर जिनिव्हा सरोवर. तो कार्डांवर पेन्सिलीने लिहायचा, ती पत्रव्यवहार, करार, टायपिंग, गाडी चालवणं सगळं बघायची. घर चालवायची जी मेहनत असते ती हॉटेलने उचलली म्हणून हे जमलं असं मला ठाम वाटतं.

मुंबईत ताज १९०३ मध्ये उघडलं, आणि तिथेही कायम मुक्काम असणारे होते. सरोजिनी नायडूंची तिथली खोली प्रसिद्ध आहे. जिनांपासून वेगळ्या झाल्यावर रतनबाई शेवटचा काळ ताजमध्येच राहत होत्या, १९२९ मध्ये त्या गेल्या. जोडप्याने राहण्याच्या गोष्टीत एकटीने राहण्याचीही गोष्ट येतेच, नातं तुटल्यावर हॉटेल हे बाईला विनाप्रश्न राहता येईल असं फार थोड्या जागांपैकी एक होतं, तेही पैसे असतील तर.

आता चूल परत कशी आली ते. १९७५ मध्ये अमेरिकेत विचिटा शहरात जॅक डीबोअर या बिल्डरने रेसिडेन्स इन सुरू केलं. हॉटेलची खोली पण आत ओटा, फ्रिज, भांडी, आणि जितके जास्त दिवस राहाल तितका रोजचा रेट कमी. १९८७ मध्ये मॅरियटने ते विकत घेतलं, मग बाकीच्या कंपन्याही उतरल्या. या हॉटेलांशी मराठी माणसाचं नातं थेट आहे, कारण पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांनी ऑनसाइट पाठवलेल्या कितीतरी जोडप्यांचा अमेरिकेतला पहिला संसार असल्या एक्स्टेंडेड स्टेमध्येच झाला. दोन बर्नर, दोन ताटल्या, दोन कप, एक पातेलं. मोहरी तडतडली, हिंग-मिरचीचा धूर झाला की स्मोक अलार्म कोकलायला लागतो, मग एकाने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचा आणि दुसऱ्याने खिडकी उघडायची, जी चार बोटांपेक्षा जास्त उघडतच नाही. हाउसकीपिंग रोज नाही, आठवड्यातून एकदा. कुकर आपण इंडियाहून आणलेला.

दुसरी गोष्ट दिवस मोजण्याची. पाहुणा आणि भाडेकरू यात फरक कुठे सुरू होतो, हे प्रत्येक ठिकाणी कायदा ठरवतो. कॅलिफोर्नियात ३० दिवसांच्या पुढे राहिलात की भाडेकरूचे हक्क लागू व्हायला लागतात, म्हणून काही हॉटेलवाले त्याआधीच चेकआउट करायला लावून परत चेकइन करायचे, शेवटी त्याच्यावरच बंदी आणावी लागली. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर देण्यावर बरीच बंधनं घातली. आपल्याकडे उलटी तऱ्हा. १ फेब्रुवारी १९७३ रोजी मुंबईत लीव्ह-लायसन्सवर जे राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू केलं, पण हॉटेल, लॉज, गेस्टहाउस, धर्मशाळा इथे राहणाऱ्यांना त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलं, आणि १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ते तसंच आहे. म्हणजे तुम्ही दोन वर्षं राहा, पाहुणेच.

लग्न झालेलं नसेल तर काउंटरवर प्रश्न वेगळे. मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका केसमध्ये सांगितलं की अविवाहित जोडप्याने खोली घेणं हा गुन्हा ठरवणारा कोणताही कायदा नाही, तरी बरीच हॉटेलं आजही नकार देतात, आणि त्याच शहराचा पत्ता आधारवर असेल तर नवरा-बायकोलाही.

ब्रिटनमध्ये एक निवृत्त जोडपं ट्रॅव्हलॉज नावाच्या साध्या, स्वस्त हॉटेलांमध्ये २२ वर्षं राहिलं, २००७ मध्ये त्याची बातमी झाली, हायवेच्या बाजूची खोली, लवकर बुकिंग करून मिळवलेला स्वस्त रेट. गरम पाणी, स्वच्छ चादरी, वीजबिलाची कटकट नाही. इथे तसं राहायचं ठरवलंत तर पैशांची सोय होते, महिन्याचा रेट घासाघीस करून मिळतो, पार्सलही रिसेप्शनवर घेतात. अडतं ते पत्त्यावर, बँक, मतदार यादी, पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन सगळीकडे. म्हणून वर्षानुवर्षं हॉटेलात राहणारी जोडपीसुद्धा आधारवर सासर किंवा माहेरचाच पत्ता ठेवतात, आणि पोलीस येणार असले की दोन दिवस तिकडे जाऊन राहतात.