'गावचो खोत' : महसुलाचा शब्द टोमण्यात कसा आला

ग्रामसभेत एखादा दुसऱ्याला बोलूच देईना, की मागून आवाज येतो, "तू काय गावचो खोत?" तळकोकणात हा टोमणा मारणाऱ्याच्या बापानेही खोती पाहिलेली नसते.

मुळात या शब्दात दांडगाई नाही. गावचा सारा सरकारात भरण्याची हमी घ्यायची आणि तो कुळांकडून वसूल करायचा, असा हा मक्ता. विजापूरकरांच्या अमलापासून तो चालत आला; हळूहळू वंशपरंपरेने घरात मुरला.

घोळ झाला तो इंग्रजांच्या जमीनपाहणीत. खोत मालक, की नुसता वसुली करणारा? खोत म्हणे वतन आमचे; कूळ म्हणे, जंगल तोडून शेत केले आमच्या आज्याने. १८८० च्या खोती कायद्याने दोघांनाही थोडे थोडे दिले. खोताचा हक्क वंशपरंपरागत ठरला. १८४५ पासून सलग कसणाऱ्या कुळाला कायम कूळ मानले. कागदावर न्याय्यच वाटते. पण अक्षरओळख नसलेल्या कुळाने पस्तीस वर्षांपूर्वीचा पुरावा आणायचा कुठून? कायद्याने वाद मिटवला नाही, खोताच्या दप्तराचे वजन तेवढे वाढवले.

तरी शब्दाला खरी धार आणली ती वेठीने. भाताचे निम्मे पीक म्हणजे अर्धेल, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर तिसरा हिस्सा म्हणजे तिर्धेल. इथवर धान्याचा हिशेब. त्यावर आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचे. शिवाय नांगरवेठ वेगळी, म्हणजे नांगर-बैलही त्याच्या शेतावर न्यायचे, तेही स्वतःची लावणी खोळंबवून. सगळे खोत सारखे नव्हते, असे सांगणारे भेटतात. असेलही. टोमणा मात्र वेठ भरणाऱ्यांनी घडवला.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी जमिनी ओसाड टाकून संप केला, तो सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात आले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने धडकले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. वरकस जमिनींची भांडणे त्यानंतरही कोर्टात रेंगाळली.

घाटावर खोत हे नुसते आडनाव. तिथल्या माणसाला हा टोमणा समजावून सांगावा लागतो.