भिंती गावाच्या, पगार कोणाचा?

शाळेची इमारत उभी करणं नागपूरकडच्या गावांना कधीच फार जड गेलं नाही. मुरूम गावचा, बैलबंड्या गावच्या, कवेलू जवळच्या भट्टीवरचे आणि छपराच्या फाट्यांना लागणारं सागवान मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, जंगलातलं. खरी अडचण यायची ती मास्तरच्या पगाराची.

मालगुजारी असेपर्यंत या अडचणीला एक सोपं, पण अपुरं उत्तर होतं. मालगुजाराच्या मनात आलं की वाड्याच्या ओसरीवर शाळा भरायची. पण त्या ओसरीवर कोणाला बसू द्यायचं, हेही तोच ठरवणार. म्हणून मोहपा गावात जन्मलेले दलित समाजसुधारक किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलींसाठी काढलेली चोखामेळा शाळा या इतिहासात मोजायलाच हवी, शहरातली असली तरी. शिक्षण दात्याच्या मर्जीवर सोडलं तर कोण बाहेर राहतं, हे त्या शाळेची गरजच सांगते.

पगाराच्या प्रश्नाला थेट भिडणारी योजना १९३७-३८ मध्ये आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं काँग्रेस मंत्रिमंडळ नागपुरातून कारभार करत होतं. शिक्षणमंत्री होते रविशंकर शुक्ल, तेच पुढे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या 'विद्यामंदिर' योजनेतली कल्पना साधी होती: दात्यांनी शाळेला शेतजमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचं वेतन भागावं. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा विचार मांडला होता, तोही हिच्याशी जुळणारा. पण 'मंदिर' या नावाला मुस्लीम लीगने कडाडून विरोध केला, आणि १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळच पायउतार झालं. शिवाय कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर महिन्याचा पगार द्यायचा, म्हणजे मास्तरलाही पावसाकडे डोळे लावून बसवायचं. माझ्या मते योजनेचं हे दुखणं नावापेक्षा मोठं होतं.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावातला एकमेव मोठा दाता गेला. नेमक्या त्याच काळात श्रमदानाला जोर आला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमात सरकारी पैशाला लोकांच्या श्रमाची जोड अपेक्षित होती. विदर्भात मात्र लोकांना हाक पोचली ती तुकडोजी महाराजांच्या खंजिरीतून. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या गुरुकुंज मोझरीतून पसरलेल्या सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई अंगवळणी पाडली होती, त्यामुळे रस्ता, विहीर, शाळा यांसाठी माणसं गोळा करायला वेगळी यंत्रणा लागत नव्हती. हंगामही ठरलेला: उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, पऱ्हाटी उपटली की पावसाआधीचे मोकळे दिवस. ज्याच्याकडे बंडी त्याने खेप टाकायची, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने माती कालवायची. यात मजुराचा बुडालेला रोज कोणी हिशेबात धरत नसे. वर्गणीदाराचं नाव फरशीवर कोरलं जाई, त्याचं नाही.

पगाराचा प्रश्न अखेर सरकारी चौकटीतच सुटला. प्राथमिक शाळा आधी जनपद सभांकडे, म्हणजे त्या वेळच्या ग्रामीण स्थानिक संस्थांकडे, होत्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर इमारतही शासन आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली.

तरी लोकवर्गणी थांबली नाही, तिचं काम बदललं. आता ती डिजिटल वर्गाच्या टीव्हीला, रंगरंगोटीला, कुंपणाला जाते. खोल्यांसाठी कंपन्यांचा सीएसआर निधी शोधला जातो. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. खोली बांधतो ठेकेदार. मात्र त्याआधी जुनीचं निर्लेखन (सरकारी नोंदीतून ती कमी करणं), नवीची तांत्रिक मंजुरी आणि जागेचा सातबारा लागतो. शब्दावर दिलेल्या जमिनीचं बक्षीसपत्र त्या वेळी कोणी केलं नसेल, तर फाइल तिथेच अडते आणि दात्याच्या नातवंडांच्या सह्या गोळा करत सरपंच नागपुरात घरोघर फिरतो.