मंत्रचळी प्रवृत्ती व व्यक्तिमत्त्वगुण

मनोविकाराचे निदान न झालेल्या सर्वसामान्य व्यक्तींत आढळणारे नकोसे अनाहूत विचार व पुनःपुन्हा धुणे, मोजणे, पडताळणे यांसारख्या कृती यांचा स्वभावगुणांशी असलेला संबंध. बोलीत ‘मंत्रचळ’ हा शब्द विकारालाही लावतात आणि नुसत्या काटेकोरपणालाही. अभ्यासकांमधील वादही बव्हंशी याच सरमिसळीचा आहे.

या कल्पनेचा उगम सामान्यतः सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९०८ च्या लेखात मानतात. नीटनेटकेपणा, काटकसर व हट्ट हे गुण एकत्र आढळतात, असे त्यांनी त्यात मांडले. मात्र तो लेख स्वभावाविषयी होता, लक्षणांविषयी नव्हे. हे गुण त्यांनी बाल्यावस्थेतील गुदीय टप्प्याशी जोडले होते; १९१३ मध्ये विकाराचे मूळ त्याच टप्प्यात दाखवतानाही त्यांनी स्वभाव व विकार यांत फरक केला होता. पुढे हा फरक मागे पडलेला दिसतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पियेर जाने यांनी १९०३ मध्येच ‘अपुरेपणाची भावना’, म्हणजे केलेली कृती पुरी झाली असे न वाटणे, वर्णिली होती. काटेकोर माणूस कुलूप एकदा ओढून पाहतो व निघतो. शंकेखोर माणूस अर्ध्या जिन्यातून परततो, कारण कुलूप लागलेले दिसत असूनही मनाला पटत नाही. हा भेद पाहता अग्रमान जाने यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. सँडलर व हझारी यांना १९६० मध्ये व्यवस्थितपणाचे गुण व त्रासदायक लक्षणे असे दोन वेगळे गट मिळाले, पण ते रुग्णांच्या उत्तरांवरून.

रॅकमन व डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये असे विचार निरोगी व्यक्तींतही सर्रास येतात हे दाखवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ देशांतील पाहणीत ७७७ विद्यार्थ्यांपैकी ९३.६ टक्क्यांनी मागील तीन महिन्यांत निदान एक तरी अनाहूत विचार आल्याचे सांगितले.

गुणांपैकी भावनिक अस्थिरतेचा मंत्रचळी प्रवृत्तीशी संबंध सर्वांत सातत्याने आढळतो. कर्तव्यदक्षतेबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. परिपूर्णतेच्या हव्यासात उच्च मानदंडांपेक्षा चुकांची धास्ती व स्वतःच्या कृतींविषयीची शंका यांचे या प्रवृत्तीशी नाते अधिक घट्ट दिसते. येथे एक तांत्रिक मेख आहे : परिपूर्णतेचा हव्यास मोजणाऱ्या फ्रॉस्ट व सहकाऱ्यांच्या १९९० च्या मापिकेतील शंकाविषयक काही विधाने मुळात मंत्रचळी लक्षणे मोजणाऱ्या १९७७ च्या मॉडस्ली सूचीतूनच घेतलेली आहेत. रोजच्या साध्या कामांविषयीही शंका वाटते का, हा प्रश्न गुण मोजतानाही येतो आणि प्रवृत्ती मोजतानाही. साहजिकच सहसंबंध फुगतो. अनेक लेखांत या पुनरावृत्तीचा उल्लेखही नसतो.

बहुतेक नमुने विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे व एकवेळच्या प्रश्नावल्यांचे असल्याने कार्यकारणाची दिशा त्यांवरून ठरत नाही.