मानवनिर्मित वस्तुमान (नाशिक परिसराच्या संदर्भात)

माणसाने घडवलेल्या आणि सध्या वापरात असलेल्या सर्व निर्जीव, घन वस्तूंचे एकूण वजन म्हणजे मानवनिर्मित वस्तुमान. इमारती, रस्ते, पूल, यंत्रे, वाहने, प्लास्टिक हे सगळे त्यात येते. पाडकामाचा राडारोडा आणि टाकून दिलेला कचरा मात्र त्यात धरत नाहीत. पृथ्वीवर माणसाचा भार किती, हे सांगणाऱ्या मोजमापांपैकी हे सर्वांत थेट आहे, कारण यात माणसाची करणी आणि सजीव सृष्टी एकाच तराजूत तोलता येतात.

हा हिशेब इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडला. 1900 च्या सुमारास मानवनिर्मित वस्तुमान जगातील एकूण जीवभाराच्या, म्हणजे पाण्याचा अंश वगळून झाडे, प्राणी व सूक्ष्मजीव यांच्या वजनाच्या, जेमतेम 3 टक्के होते. पुढे ते साधारण दर 20 वर्षांनी दुप्पट होत गेले आणि 2020 च्या आसपास, सहा वर्षे मागेपुढे धरून, जीवभाराच्या बरोबरीला आले. हा आकडा सुमारे 1.1 लाख कोटी टनांचा आहे आणि त्यात दरवर्षी 3,000 कोटी टनांच्या आसपास भर पडते. नुसते प्लास्टिकच सुमारे 800 कोटी टन आहे. जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांचे मिळून वजन त्याच्या निम्मे भरते. तराजूचे दुसरे पारडेही हलके झालेले आहे, कारण शेती सुरू झाल्यापासून वनस्पतींचा जीवभार जवळजवळ निम्म्यावर आला आहे.

या वजनात निम्म्याच्या आसपास वाटा काँक्रीटचा, त्याखालोखाल खडीचा. नाशिकमध्ये ही खडी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. सारूळसारख्या ठिकाणी सुरुंग लावून डोंगर फोडतात. डबर, म्हणजे फोडलेले मोठे दगड, क्रशरवर जातो आणि तिथून खडी व क्रशसँड (दगड भरडून केलेली वाळू) होऊन बांधकामावर पोचतो. एक ब्रास खडी, म्हणजे 100 घनफूट, सुमारे 4 टन भरते. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर 300 किलोच्या घरात जातो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या घराचा नुसता स्लॅबच 28 टनांचा. कॉलम, बीम, भिंती आणि पाया वेगळे. 1901 साली सुमारे 21 हजार वस्तीचे नाशिक 2011 च्या जनगणनेत 14.86 लाखांवर गेले होते. जुन्या नाशकातले वाडे दगड, वीट, चुना आणि सागवानाचे असत. त्यातले सागवान म्हणजे मुळात झाडच. आजच्या घरात लाकूड नावापुरते उरले आहे.

डोंगर फोडण्याचा परिणाम मात्र टनांत उतरत नाही. बेसाल्टच्या भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांमध्ये पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच गोदावरीचे उगमस्थान असलेल्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उत्खनन सुरू झाले तेव्हा पर्यावरणप्रेमी नाशिककर विरोधाला उभे राहिले. तो विरोध रास्तच होता. फोडलेला डोंगर पुन्हा पाणी धरत नाही.

या मोजमापाच्या मर्यादाही नाशकात ठळकपणे दिसतात. पांडवलेणी कोरताना सातवाहन व क्षत्रपांच्या काळात जो दगड काढला, तो या हिशेबात येत नाही. 1965 मध्ये पूर्ण झालेले गंगापूर धरण मातीचे आहे, आणि उकरून हलवलेली माती हिशेबाबाहेर राहते. शहराला पाणी पाजणाऱ्या या धरणातले काँक्रीट तेवढे मोजले जाते. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग तर दोन्ही पारड्यांत विभागलेली आहे. वेल आणि घड हा जीवभार. वेलींना आधार देणारे लोखंडी वाय अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या आणि शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद हे मानवनिर्मित वस्तुमान. बाग जितकी बेभरवशाच्या हवामानात, तितके हे मानवनिर्मित पारडे जड होत जाते. अवकाळी पाऊस आणि गारपिटीपासून घड वाचवायला अनेक बागायतदार आता वेलींवर प्लास्टिकचे आच्छादन घालतात.

शिवाय वजन कुठे पडले, याला वजनाइतकेच महत्त्व आहे. रामकुंड परिसरात 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास नदीच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. शहराच्या एकूण काँक्रीटपुढे ते किरकोळ होते. पण त्याखाली गोदापात्रातली जुनी कुंडे झाकली गेली आणि तळातून येणाऱ्या जिवंत झऱ्यांची तोंडे बुजली. ते काढावे म्हणून नाशिककरांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. याउलट गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे इंग्रजी अमदानीत घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणथळ तयार झाली आणि हिवाळ्यात तिथे हजारो स्थलांतरित पक्षी उतरू लागले. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. माणसाच्या बांधकामातून जीवभार वाढल्याचे असे उदाहरण विरळा, आणि तेही हेतुपुरस्सर घडलेले नाही. ही पाणथळ आता गाळाने भरत चालली आहे, तर नदीतून आलेले सांडपाणी पाणवेलींना खतपाणी घालते.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, पूल आणि घाटांची कामे हाती घेतली गेली, तेव्हा या दोन पारड्यांचा प्रश्न उघडपणे समोर आला. तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला 2025 च्या अखेरीस शहरातून मोठा विरोध झाला. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावू, हे त्यावरचे ठरलेले उत्तर असते. वस्तुमानाच्या हिशेबात मात्र जुन्या वडा-चिंचेचा जीवभार भरून काढायला रोपांना कित्येक दशके लागतात, आणि तेही ती जगली तर.