पार्श्वभूमी: बेस स्टेशन आणि ‘डुप्लेक्स’ नावाचा घोळ

साखर कारखान्याचा शेती विभाग, गट ऑफिस आणि वजनकाटा यांना जोडणारा वायरलेस सातारा-सांगलीकडे मोबाइलच्या आधीपासूनचा. तेव्हा संचाचा मोड, म्हणजे पाठवण्या-ऐकण्याची पद्धत, निवडायचा नसायचा, फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल मागवायचा. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी १२ पट करणाऱ्या ट्रान्समीटरला १५६ मेगाहर्ट्झसाठी १३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागे, रिसीव्हरला वेगळा. सिंथेसायझरचे, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी स्वतः तयार करणारे संच आल्यावर फ्रिक्वेन्सी कॉम्प्युटरवरून भरता येऊ लागली आणि चुकाही तितक्याच झटपट होऊ लागल्या.

भूगोलाचा भाग थोडक्यात. कृष्णाकाठच्या सपाटीवर ३० मीटर उंचीचा अँटेना आणि हातातला संच यांच्यात हिशोबाने २७ किलोमीटरपर्यंत थेट बोलणं होतं. पाटण-जावळीत मात्र डोंगराची एक सोंड आडवी आली की ५० वॉटचाही उपयोग नाही. तिथे उंचावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारा संच, लागतोच. सपाटीवर तो लागतोच असं नाही, तरी घेतला जातो.

खरा घोळ ‘डुप्लेक्स’ या शब्दात आहे. परवान्याच्या कागदावर डुप्लेक्स म्हणजे फ्रिक्वेन्सींची जोडी: एकीवर पाठवायचं, दुसरीवर ऐकायचं. मेकॅनिकच्या तोंडी डुप्लेक्स म्हणजे डुप्लेक्सर, अर्थात एकाच अँटेनावर दोन्ही कामं करू देणारे कॅव्हिटीचे डबे. आणि प्रोग्रॅमिंगच्या पडद्यावरचा प्रश्न तिसराच असतो: आत आलेला आवाज त्याच क्षणी बाहेर फेकायचा का? फेकला तर रिपीटर. जोडी तीच ठेवून रिपीट बंद केलं तर ते नुसतं दोन फ्रिक्वेन्सींचं बेस, म्हणजे ऑपरेटरजवळचा मुख्य संच. मग ऑपरेटर सगळ्यांना ऐकतो, सगळे ऑपरेटरला ऐकतात, पण दोन ट्रॅक्टर एकमेकांना ऐकत नाहीत. ‘सेट खराब आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे नेहमीचं.

अ‍ॅनालॉगमध्ये एवढ्यावर भागत होतं. डीएमआर हे डिजिटल वायरलेसचं मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि गुंता वाढला. यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आळीपाळीने चालतात, म्हणजे दोन बोलणी. विकताना सांगतात ते हेच. पण स्लॉटची वेळ राखतो रिपीटर. साध्या सिंप्लेक्सवर, म्हणजे रिपीटरविना एकाच फ्रिक्वेन्सीवर पाठवणं-ऐकणं चालतं तिथे, वेळ राखणारा कोणी नसतो, म्हणून तिथे एकच बोलणं. शिवाय पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी दिसली की बहुतेक डीएमआर हँडसेट समोर रिपीटर आहे असं धरून चालतात. बटण दाबताच ते आधी जागं करणारा संदेश पाठवतात आणि उत्तराची वाट बघतात. समोर रिपीट बंद असलेलं, साध्या मोबाइल संचाचं (गाडीत बसवतात तसल्या वायरलेसचं) बेस असेल तर उत्तर येत नाही. हँडसेट नकाराचा टोन वाजवतो आणि गप्प बसतो. तोवर कलर कोड (रिपीटर आणि संचांत जुळावा लागणारा क्रमांक) तपासण्यात अर्धा दिवस गेलेला असतो.

मिक्स्ड मोडबद्दल, म्हणजे एकाच रिपीटरवर जुने अ‍ॅनालॉग आणि नवे डिजिटल असे दोन्ही संच चालवण्याबद्दल, दोन मतं आहेत. जुने संच फेकावे लागत नाहीत, हे खरं. पण एक अ‍ॅनालॉग कॉल आला की तो अख्खा चॅनेल अडवतो, दोन्ही स्लॉट बंद. आणि जुन्या संचात ८८.५ हर्ट्झसारखा टोन डीकोडला लावलेला नसेल, म्हणजे तो टोन आल्यावरच स्पीकर उघडायची सोय नसेल, तर डिजिटल कॉल त्यात नुसता घरघरतो. एका हंगामापुरता मिक्स्ड मोड ठीक, कायमचा ठेवणं म्हणजे दोन्हींकडून तोटा.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आणखी एक बाजू पुढे आणली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. अशा वेळी डोंगरावरच्या रिपीटरची वीज गेली तर हँडसेट टॉक-अराउंडवर, म्हणजे रिपीटरच्या पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीवर थेट बोलू शकतात, अर्थात तो चॅनेल आधी भरलेला असेल तर. खाली डुप्लेक्सर लावलेलं बेस असेल तर त्याला ते जमत नाही. समजा त्याची पाठवण्याची बाजू १५६ ला पास (जाऊ देणारी) आणि १५१ ला नॉच (अडवणारी) अशी लावली आहे. त्याला १५१ वर पाठवायला लावलं तर पॉवर डब्यांतूनच परत फिरते आणि संच आपोआप वॉट कमी करतो. १५६ वर सिंप्लेक्स टाकलं तर बोलणं जातं, पण ऐकण्याच्या बाजूचा नॉच नेमका तिथेच असल्याने उत्तर आत येत नाही. डबे काढून थेट केबल जोडली तरी पाठवणं-ऐकणं बदलणारा अँटेना रिले लागतोच.

डबे घाईत पुन्हा बसवले तर ट्यूनिंग हलतं. त्यानंतरची चाचणी ठरलेली: १२ डीबी सिनॅड (खरखरीच्या तुलनेत आवाज किती स्पष्ट याचं माप) मिळेल इतका कमकुवत सिग्नल आत द्यायचा, ट्रान्समीटर पूर्ण पॉवरवर चालू करायचा, आणि सिनॅड १ डीबीपेक्षा जास्त घसरला तर ट्यूनिंग पुन्हा करायचं. हे टाळायचं तर सिंप्लेक्ससाठी दुसरा साधा मोबाइल संच, १२ व्होल्टची बॅटरी आणि स्वतंत्र अँटेना पावसाळ्याआधीच लावून ठेवतात, बॅटरी तळमजल्यावर न ठेवता.